दाबपात्रांचा शिणवटा : परीक्षा आणि आयुष्य

वाफ, वायू किंवा द्रव पदार्थ वातावरणाच्या कितीतरी पट दाबाखाली कोंडून ठेवण्यासाठी जी बंदिस्त पोलादी भांडी वापरली जातात, त्यांना दाबपात्रे म्हणतात. बॉयलर, रासायनिक कारखान्यांतील अभिक्रियापात्रे, वायूचे सिलिंडर ही सर्व याच कुळातील होत. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी अशा पात्रात बहुधा पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट दाब देऊन त्याची परीक्षा घेण्यात येते. या परीक्षेत उतरलेले पात्र पुढे कित्येक वर्षे त्याहून कमी दाबावर निर्वेध काम करते आणि एखादे दिवशी त्याच नेहमीच्या दाबावर फुटते. ज्याने दीडपट भार सोसला ते एकपट भाराने का फुटावे? व्यवहारबुद्धीला हे कोडे वाटते. या कोड्यातूनच एक निकडीचा प्रश्न निघतो : वापरात असलेल्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पात्राचे आयुष्य किती उरले आहे, हे कसे ठरवावयाचे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन हे गाव पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील ग्रोव्हर यांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी सकाळी, कामगार नुकतेच कामाला लागले असता, बॉयलर फुटला. तो मजले व छप्पर भेदून वर उडाला; लाकडी इमारत कोसळली, तिने पेट घेतला आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. हा बॉयलर जुना होता व नवा बॉयलर बंद असल्यामुळे त्या दिवशी वापरात घेतलेला होता. त्या काळी बॉयलरचे नळकांडे बनविताना पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून दोन्ही रिव्हेटांनी जखडीत असत. या चढत्या सांध्यातच, पत्र्यावर पत्रा झाकला गेलेल्या जागी, तडा वाढत गेला होता. नेहमीच्या पाहणीत तो दिसण्याजोगा नव्हता.

तडा नेमका तेथेच का जावा, हे समजण्यास थोडी भूमिती पुरे आहे. आतून दाब दिला की कोणतेही नळकांडे पूर्ण वर्तुळाकार होऊ पाहते. चढत्या सांध्यापाशी पत्र्याच्या दोन कडा एका वर्तुळावर नसतात; एक आत, एक बाहेर असते. म्हणून दाब वाढला की सांध्याजवळचा पत्रा किंचित वाकतो आणि दाब उतरला की पुन्हा पूर्वस्थितीला येतो. दर वेळी बॉयलर पेटविला की एकदा वाकणे, विझविला की एकदा सरळ होणे. एका वाकण्याने काहीच बिघडत नाही. पण हे वाकणे त्याच रेषेवर हजारो वेळा होते. तार तोडावयाची असून पक्कड जवळ नसली की माणूस ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवतो. तेच येथे, अतिशय सावकाश, घडत असते.

या घटनेला जे नाव मिळाले त्याचा येथे विचार करणे अस्थानी होणार नाही, कारण या नावाने काही गैरसमजही रुजविले आहेत. फ्रेंच गणितज्ञ पाँसले याने १८३९ च्या सुमारास वारंवार भाराखाली येणाऱ्या लोखंडाच्या संदर्भात थकव्याचा शब्द वापरला. १८५४ मध्ये ब्रेथवेट याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकात तो घातला आणि तेव्हापासून तो रूढ झाला. जर्मन भाषेनेही याच कल्पनेचा शब्द पत्करला. मराठीत थकवा, श्रांती व शिणवटा असे तीन पर्याय आढळतात. त्यांपैकी 'श्रांती' शास्त्रीय थाटाचा असला तरी त्याच्या पाठोपाठ 'विश्रांती' मनात येते, आणि विश्रांतीने धातूचा शीण जात नाही. सहा महिने बंद ठेवलेले पात्र सहा महिन्यांपूर्वी होते तेवढेच शिणलेले असते. मधल्या काळात गंज चढला असेल तर अधिकच. 'शिणवटा' या शब्दातही हा दोष आहेच, परंतु शीण अंगात साठत जातो, मुरतो, ही जी छटा मराठी बोलीत त्याला आहे ती वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळची आहे. म्हणून येथे तोच शब्द योजिला आहे.

दुसरा गैरसमज अधिक जुना होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले. त्या काळी अशा मोडलेल्या आसांचा छेद चकचकीत, दाणेदार दिसत असल्यामुळे धक्क्यांनी लोखंडाचा 'स्फटिक' होतो, तंतुमय लोखंड ठिसूळ बनते, अशी समजूत होती. वस्तुतः लोखंड आरंभापासूनच स्फटिकमय असते. १८४३ मध्येच रँकिन याने आसांच्या खांद्यापाशी, जेथे जाडी एकदम बदलते तेथे, तडा हळूहळू आत शिरत जातो असे दाखवून दिले होते. पुढे १९०३ मध्ये यूइंग व हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वीडिश लोखंडाच्या पृष्ठभागावर, आवर्तने वाढत जातील तसतशा घसरणीच्या बारीक रेषा उमटताना व त्यांतूनच तडे निघताना पाहिले. म्हणजे सगळा धातू थकत नाही. थकते ती एखादी जागा. बाकीचे पोलाद शेवटपर्यंत जवळजवळ नव्यासारखेच असते, आणि म्हणूनच फुटलेल्या पात्राच्या तुकड्यांची ताणपरीक्षा घेतली तर ते सहसा उत्तीर्ण होतात.

या जागेचा इतिहास मोडलेल्या छेदावर लिहिलेला असतो. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरताना वाळूवर जशा एकामागून एक वाकड्या रेषा राहतात, तशा रेषा तड्याच्या उगमाभोवती दिसतात. त्यांच्या पलीकडे खडबडीत भाग असतो. तो शेवटच्या क्षणी, उरलेला धातू भार पेलेनासा झाल्यावर, एकदम फाटलेला. या दोन भागांचे प्रमाण बोलके असते. गुळगुळीत भाग मोठा व खडबडीत लहान असेल तर पोलाद चिवट होते आणि तडा दीर्घकाळ वाढत होता. उलट असेल तर पात्र फारशी सूचना न देता गेले.

आयुष्याचे मापन प्रथम पद्धतशीरपणे केले ते प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता ऑगुस्ट व्योलर याने, एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत. धातूच्या एकक क्षेत्रावर पडणाऱ्या अंतर्गत बलाला प्रतिबल म्हणतात. सर्वांत मोठे प्रतिबल किती यापेक्षा दर आवर्तनात ते किती खालीवर होते यावर आयुष्य मुख्यतः अवलंबून असते, हा व्योलरचा निष्कर्ष होय. दाबपात्राच्या बाबतीत याचा अर्थ असा की सतत २०० बारवर राहणाऱ्या पात्रापेक्षा दररोज शून्यापासून २०० बारपर्यंत चढणारे व उतरणारे पात्र अधिक लवकर शिणते. ज्या पात्राला 'विसावा' अधिक तेच अधिक धोक्यात, असा हा उफराटा न्याय आहे.

व्योलरने आयुष्य मोजले. तड्याची गती मोजण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. ते काम पॉल पॅरिस या अमेरिकन संशोधकाचे. त्याचा मूळ निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारला आणि अखेर १९६१ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका पत्रिकेत प्रसिद्ध झाला, ही गोष्ट विद्यापीठीय पत्रिकांच्या वाचकांस सुखावणारी आहे. पॅरिसच्या नियमाप्रमाणे पोलादात तड्याची दर आवर्तनातील वाढ प्रतिबलाच्या चढउताराच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. चढउतार दुप्पट झाला तर तडा आठपट वेगाने वाढतो. एवढेच नव्हे, तो केवळ २६ टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य निम्मे होते. सांध्यापाशी नळकांड्याची गोलाई किंचित बिघडलेली असेल, तर दाबपरीक्षेत काहीच जाणवत नाही. परंतु स्थानिक प्रतिबल पाव-तृतीयांशाने वाढणे या दोषात सहज शक्य असते, आणि तेवढ्याने अर्धे आयुष्य जाते. ब्रॉक्टनच्या चढत्या सांध्याचा दोष तर याहून पुष्कळच मोठा होता.

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. दाबपरीक्षा पात्राचे त्या दिवसाचे बल सांगते. आयुष्याविषयी ती मौन पाळते. किंबहुना ती फसवूही शकते, आणि याचे सर्वांत दुःखद उदाहरण जमिनीवरचे नसून आकाशातले आहे. उंचावरून उडणाऱ्या विमानाचा प्रवासीकक्ष हेही एक दाबपात्रच. ब्रिटिश बनावटीच्या कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानांपैकी एक १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ व दुसरे ८ एप्रिल रोजी नेपल्सनजीक हवेतच फुटले. पहिल्याची उड्डाणे १,२९० झाली होती, दुसऱ्याची अवघी ९००. कक्षातील जादा दाब ०.५७ बारच्या आसपास, म्हणजे वायूच्या सिलिंडरच्या मानाने नगण्य. पण पत्राही तितकाच पातळ होता, आणि धातूला दाब कळत नाही, प्रतिबल कळते.

फार्नबरो येथील संशोधनसंस्थेने तिसरे एक कॉमेट पाण्याच्या हौदात बुडविले व कक्षात पाणी भरून, उपसून, उड्डाणांचे आवर्तन घडविले. पाणी वापरण्याचे कारण साधे आहे : ते जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून फुटताना साठलेली ऊर्जा फारच थोडी असते. प्रत्यक्ष उड्डाणे १,२२१ व हौदातील १,८३६, एकूण ३,०५७ आवर्तनांनंतर कक्षाला पाडलेल्या एका उघाडाच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. याउलट, विमाने सेवेत असतानाच कक्षाच्या एका नमुन्याची जी चाचणी पार पडली होती, त्याने सुमारे १६,००० आवर्तने सोसली होती. इतके अंतर का? त्या नमुन्याला आवर्तनांपूर्वी कामाच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब दिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांपाशी धातू किंचित कायमचा ताणला गेला. दाब काढताच भोवतालचा धातू आपल्या मूळ आकारावर परतला आणि त्याने या ताणलेल्या जागेला दाबून धरले. पुढे दर आवर्तनात येणारा ताण आधी हे दाबणे खोडून काढण्यातच खर्ची पडू लागला. ज्या कठोर परीक्षेने नमुन्याचे बल सिद्ध झाले, तिनेच त्याला असे दीर्घायुष्य दिले जे प्रवाशांना नेणाऱ्या विमानांना लाभलेले नव्हते. परीक्षकांनी ढिलाई केली असे म्हणता येत नाही; एकाच नमुन्यावर दोन परीक्षा घेतल्या, एवढीच चूक झाली.

विशेष हे की उच्च दाबाच्या क्षेत्रात हाच परिणाम बुद्ध्या घडवून आणतात. १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे गिब्सन व फॉसेट यांना पॉलिथीन प्रथम मिळाले ते हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली. आजही या पदार्थाच्या एका प्रकारासाठी २,००० ते ३,००० बार दाबाच्या नळ्या वापरतात. एवढ्या दाबाला भिंत जाड करून निभाव लागत नाही. बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट घेतला तर आतल्या पृष्ठभागावरील वर्तुळाकार प्रतिबल दाबाच्या १.६७ पट असते, बाहेरच्या पृष्ठभागावर ते ०.६७ पटच असते. आतले पोलाद पिचून निघते आणि बाहेरचे त्या मानाने स्वस्थ बसते. म्हणून नळीला एकदा मुद्दाम कामाच्या दाबाहून फार मोठा दाब देऊन आतला थर कायमचा ताणतात. दाब उतरल्यावर बाहेरचा थर त्याला आवळून धरतो. फ्रेंच तोफखान्याकडून आलेल्या या क्रियेच्या मूळ नावाचा अर्थ 'स्वतःच स्वतःला कडे घालणे' असा आहे, कारण पूर्वी तोफेच्या नळीवर तापविलेली कडी चढवून हेच साधीत. बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवून पाणी ओतणारा लोहार याच तत्त्वाने चाक आवळतो. मात्र असे आवळलेले पात्र नंतर जास्त तापले किंवा आतून पुन्हा तासले गेले तर हे संरक्षण कमी होते, आणि ते कमी झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही.

आयुष्याचा हिशेब मांडण्याची रूढ रीत जमाखर्चाची आहे. पामग्रेन याने १९२४ मध्ये व मायनर याने १९४५ मध्ये ती सुचविली. समजा, एखाद्या पात्राला पूर्ण दाबाची ५,००० व अंशतः दाबाची २,००,००० आवर्तने विहित आहेत, आणि आतापर्यंत पहिल्या प्रकारची १,००० व दुसऱ्या प्रकारची ६०,००० झाली आहेत. तर एक पंचमांश अधिक तीन दशांश, म्हणजे अर्धे आयुष्य खर्च झाले. ही 'विहित' संख्या प्रयोगशाळेतील सरासरीवरून सरळ घेत नाहीत. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेत मूळ वक्ररेषेवरील प्रतिबल निम्मे करून किंवा आवर्तने विसाने भागून, जे अधिक सावध असेल ते स्वीकारले गेले. वीस हा आकडा उदार वाटतो, पण त्यात दोन हा निष्कर्षांच्या विखुरलेपणासाठी, अडीच हा प्रयोगातील नमुना लहान व पात्र मोठे म्हणून, आणि चार हा पृष्ठभागाचा खडबडीतपणा व वातावरण यांसाठी आहे. म्हणजे वीसांतील बहुतेक भाग सुरक्षिततेचा नसून प्रयोगशाळा व कारखाना यांतील अंतराचा आहे. हे लक्षात न घेता 'वीसपट सवलत आहे' असे म्हणणारा आधीच खर्च झालेली रक्कम पुन्हा खर्चू पाहतो.

तथापि या हिशेबात तडा आहे की नाही हे विचारलेलेच नाही. त्यासाठी दुसरी दृष्टी लागते. तडा आहेच असे गृहीत धरावयाचे, आणि तो किती मोठा झाल्यावर पात्र फुटेल हे काढावयाचे. २०० बार दाबाचा, १५० मिलिमीटर आतील त्रिज्येचा व ८ मिलिमीटर जाडीचा सिलिंडर घेऊ. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागले की भिंतीतील प्रतिबल ३७५ मेगापास्कल येते. अशा सिलिंडरांच्या पोलादाचे अंतिम बल याच्या दुपटीहून अधिक असते. तड्याला तोंड देण्याच्या गुणाला चिवटपणा म्हटले व तो प्रचलित एककांत १०० धरला, तर ढोबळ हिशेबाने घातक तड्याची खोली सुमारे २३ मिलिमीटर येते. भिंत तर आठच मिलिमीटर आहे. म्हणजे घातक होण्यापूर्वी तडा आरपार जाईल, वायू गळू लागेल, आणि त्याचा फुसकारा वा वास माणसाला सावध करील. परंतु सदोष उष्णतासंस्काराने किंवा हायड्रोजनच्या संसर्गाने चिवटपणा ४० वर आला, तर घातक खोली ३.६ मिलिमीटरच भरते. आता भिंत अर्धीही चिरली नसताना सिलिंडर फुटेल. दोन्ही सिलिंडर बाहेरून सारखे, वजनाला सारखे, दोघांवरही परीक्षेचा शिक्का. एक गळून निकामी होईल, दुसरा माणसे मारील.

या हिशेबातून दाबपरीक्षेचे खरे मोलही कळते. दीडपट दाबाला घातक खोली सव्वादोनाने भागली जाते. ठिसूळ सिलिंडर परीक्षेत टिकला तर त्यात १.६ मिलिमीटरहून खोल तडा नाही असे म्हणता येते. ही महत्त्वाची माहिती झाली, व तेथून पुढे पॅरिसच्या नियमाने पुढील परीक्षेची मुदत ठरविता येते. चिवट सिलिंडरच्या बाबतीत मात्र तीच मर्यादा दहा मिलिमीटर, म्हणजे भिंतीपेक्षाही जास्त, येते. त्यामुळे भिंतीत खोलवर गेलेला तडाही परीक्षेत लपून राहू शकतो. पोलाद जितके चांगले, तितकी दाबपरीक्षेची साक्ष दुबळी.

रिक्षा व मोटारींत नैसर्गिक वायूसाठी बसविलेले सिलिंडर याच दाबाचे असतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात वर्षाला १,००० वेळा भरणे गृहीत धरले आहे. दिवसातून दोनदा भरणाऱ्या रिक्षाची पंधरा वर्षांतील आवर्तने ११,००० च्या आत राहतात, तेव्हा हे गृहीत पुरेसे सावध म्हटले पाहिजे. भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार त्यांची दर तीन वर्षांनी परीक्षा व्हावयाची असते. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. परीक्षेत दाबाबरोबरच वजनातील घट व आतल्या पृष्ठभागाची पाहणीही असते. वरील हिशेब पाहता, चिवट पोलादाच्या सिलिंडरसाठी दाबापेक्षा ही पाहणीच अधिक बोलकी ठरते. ओलसर वायूने आतून खड्डे पडले की तडा रुजण्याचा काळ, जो निर्दोष पृष्ठभागावर आयुष्याचा मोठा हिस्सा असतो, जवळजवळ नाहीसा होतो.

सर्वांत कठीण असते ते ज्याची नोंदवही नाही असे पात्र : जुन्या कारखान्यातून विकत घेतलेले, किती वेळा चढले-उतरले ते कोणासही ठाऊक नसलेले. त्याच्या बाबतीत मागील आवर्तनांचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. सांध्यांच्या कडा, नळ्यांची तोंडे, आधारांची टोके अशा जागा घासून स्वच्छ करतात व चुंबकीय चूर्णाने किंवा श्राव्यातीत ध्वनीने त्यांत तडे शोधतात. काहीच सापडले नाही, तरी तडा नाही असे लिहीत नाहीत. त्या साधनाला जेवढा तडा निश्चितपणे सापडला असता, त्याहून किंचित लहान तडा सर्वांत वाईट जागी, सर्वांत वाईट दिशेने आहे असे धरतात. तो घातक होण्यास किती आवर्तने लागतील हे काढतात, त्या संख्येचा अर्धा किंवा त्याहून लहान भाग पुढील पाहणीची मुदत म्हणून देतात, आणि पात्राला आवर्तनांचा मोजक बसवून वहीचे पहिले पान त्या दिवशी उघडतात.